दोन हातांचे चित्र

आमचे गाव माळेगाव बुद्रुक. बारामतीहून नीरेच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात दोन्ही बाजूंना उसाचे मळे दिसू लागतात आणि आमचा भाग आला हे कळते. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने ही जमीन हिरवी केली आणि सहकारी साखर कारखान्याने इथल्या माणसांना काम दिले. माझ्या लहानपणी हिवाळ्यात गळिताचा हंगाम सुरू झाला, की उसाने भरलेल्या बैलगाड्यांच्या लांबच लांब रांगा लागत. रात्री झोपेतही बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज ऐकू येई.

माझे अब्बा उसाच्या वजनकाट्यावर लिहिण्याचे काम करत. गाडी काट्यावर चढली, की वजन पाहायचे आणि पावती लिहायची. अब्बांचे शिक्षण उर्दू चौथीपर्यंतचे. पावती मात्र मराठीत लिहावी लागे. सुरुवातीला शेतकऱ्यांची नावे लिहिताना त्यांची फार तारांबळ उडे. ‘ळ’ आणि ‘ण’ ही अक्षरे तर त्यांना सारखी चकवत. एकदा त्यांनी एका शेतकऱ्याच्या नावात ‘बाळू’ऐवजी ‘बालू’ लिहिले. उर्दूत बालू म्हणजे वाळू! घरी आल्यावर अब्बा स्वतःच ही गोष्ट सांगत आणि पोट धरून हसत.

काट्यावरच्या एका सहकाऱ्याने त्यांची अडचण ओळखली. त्याने अब्बांना एक पुस्तक भेट दिले. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’. “रोज एक पान वाचा. अडलं तर मला विचारा,” असे तो म्हणाला. अब्बांनी ते पुस्तक एकदा नव्हे, कितीतरी वेळा वाचले. शब्द अडला, की ते त्याचा अर्थ विचारून घेत आणि समासात बारीक अक्षरात उर्दूत लिहून ठेवत. मराठी ओळ डावीकडून उजवीकडे जाई. अब्बांची टीप उजवीकडून डावीकडे येई. पानाच्या कडेला दोघींची गाठ पडे. मला वाचता येऊ लागल्यावर मीही त्याच पुस्तकातून मराठी शिकलो. मी उर्दू शाळेत जात होतो आणि मराठी ही माझी दुसरी भाषा होती.

हे पुस्तक अब्बा एका सुती पिशवीत ठेवत. त्या पिशवीची एक वेगळीच कथा आहे. ती पुढे सांगेन.

मी सातवीत असताना गावातल्या वाचनालयाने पुस्तके गोळा करायचे ठरवले. ‘ज्यांच्या घरी पुस्तके असतील, त्यांनी ती वाचनालयाला द्यावीत,’ अशी दवंडी झाली. मला फार उत्साह वाटला. मी घरातला माळा धुंडाळला. पाने फाटलेली जुनी पाठ्यपुस्तके, मागच्या वर्षीची मार्गदर्शके, वाळवी लागलेले दोन दिवाळी अंक असे जे जे सापडले, ते सारे एका पोत्यात भरले. पोते डोक्यावर घेऊन मी मोठ्या ऐटीत वाचनालयात गेलो.

ग्रंथपालांनी पोते उघडले. एकेक पुस्तक हातात घेऊन पाहिले आणि पुन्हा आत ठेवले. मग चष्मा काढून ते शांतपणे म्हणाले, “बाळ, तुला यातलं एक पुस्तक आज वाचायला दिलं, तर तू वाचशील का?”

मी काहीच बोललो नाही. पोते पुन्हा डोक्यावर घेतले. जाताना हलके वाटलेले ते ओझे येताना फार जड वाटत होते.

संध्याकाळी अब्बांना सारे कळले. ते रागावले नाहीत. घरी आम्ही आमच्या दखनी बोलीत बोलत असू. त्यांचे बोलणे मी इथे मराठीत सांगतो. ते म्हणाले, “बेटा, घरी पाहुणा आला तर त्याला आपण शिळी भाकरी वाढतो का? नाही ना? मग वाचणारा हाही पाहुणाच. आपल्याला नको असलेली वस्तू दुसऱ्याला देणं म्हणजे देणं नव्हे. ते नुसतं घर झाडणं झालं.”

मग त्यांनी ती सुती पिशवी काढली. तिच्यावर एक चित्र छापलेले होते. धुऊन धुऊन ते पुसट झाले होते, तरी ओळखू येत होते. एकमेकांत घट्ट मिळवलेले दोन हात.

“ही पिशवी कुठून आली, ठाऊक आहे?” अब्बांनी विचारले.

माझे मामू बारामती तालुक्याच्या जिरायती भागात राहत. एकाच तालुक्यात कालव्याखालचा भाग हिरवागार, तर जिरायती भाग पावसाच्या भरवशावर. १९६० च्या दशकाच्या अखेरीस पाऊस पुरेसा झाला नाही आणि तिकडच्या लोकांचे फार हाल झाले. त्या काळात तालुक्यात पाझर तलाव बांधण्याची कामे निघाली. मजुरीच्या रूपाने धान्य आणि तेल मिळे. हे धान्य परदेशातून मदत म्हणून आलेले असे. मामूंनी कित्येक महिने माती वाहिली आणि त्या गव्हावर घर जगवले. पुढे १९७२ सालच्या मोठ्या दुष्काळात रेशनच्या दुकानांवर लाल मिलो मिळू लागला. मिलो म्हणजे परदेशी ज्वारी. तिची भाकरी कोणालाच आवडत नसे, पण पोटाची आग तिनेच विझवली.

मामूंच्या घरच्या एका रिकाम्या पोत्याच्या कापडातून अम्मीने ती पिशवी शिवली होती. अमेरिकेतून मदत म्हणून येणाऱ्या धान्याच्या पोत्यांवर मिळवलेल्या दोन हातांची ती खूण असे. मैत्रीची खूण.

अब्बा त्या चित्रावरून बोट फिरवत म्हणाले, “चित्रात दोन हात आहेत. पण मी रांगेत उभा होतो, तेव्हा मला एकच हात दिसत होता. आपला, घेणारा. ज्यांनी दिलं, त्यांचे उपकार आहेतच. पण आपण त्यांना काय दिलं? दोस्ती म्हटली, की दोन्हीकडून काहीतरी जायला हवं.”

त्या वयात मला त्यांच्या बोलण्याचा अर्थ नीट समजला नाही. पण त्यांच्या आवाजातली खंत मात्र मनात राहिली.

पुढे मी शिक्षक होण्यासाठी पुण्यात शिकायला गेलो. तेथे एका ग्रंथालयात मला अशी माहिती वाचायला मिळाली, की मी ती वहीत उतरवून घेतली आणि सुटीत घरी जाऊन अब्बांना वाचून दाखवली.

१९५१ साली भारतात धान्याची तीव्र टंचाई होती. तेव्हा अमेरिकेने गहू घेण्यासाठी भारताला १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्या कर्जाच्या व्याजातील ५० लाख डॉलरपर्यंतची रक्कम शिक्षणासाठी वापरावी, असे ठरले. त्या पैशांतून भारतातील ग्रंथालयांना आणि विद्यापीठांना अमेरिकन पुस्तके व शास्त्रीय उपकरणे मिळाली. भारतातील पुस्तकेही अमेरिकेतील ग्रंथालयांकडे गेली.

त्यानंतर १९५४ साली अमेरिकेने आणखी एक कायदा केला. तो ‘पी. एल. ४८०’ या नावाने ओळखला जातो. या कायद्याखाली भारताला गहू मिळे आणि त्याची किंमत डॉलरऐवजी रुपयांत देता येई. त्यामुळे अमेरिकेच्या नावावर भारतात पुष्कळ रुपये साठले. त्यांतील काही रुपये पुस्तके विकत घेण्यासाठी वापरण्याचे ठरले. १९६२ साली अमेरिकेच्या ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यासाठी दिल्लीत कार्यालय उघडले. तेथून मराठी, उर्दू, तमिळ, बंगाली अशा अनेक भाषांतील पुस्तके खरेदी होऊ लागली. एकाच पुस्तकाच्या अनेक प्रती घेऊन त्या अमेरिकेतील निरनिराळ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांकडे पाठवल्या जात. शिकागो आणि पेनसिल्व्हेनिया येथील विद्यापीठांत भारतीय भाषांतील पुस्तकांचे मोठे संग्रह उभे राहिले, ते बऱ्याच अंशी या योजनेमुळे.

म्हणजे काय झाले? तिकडून गहू आला आणि त्याच गव्हाच्या पैशांतून इकडची पुस्तके तिकडे गेली.

मी वाचून थांबलो. अब्बा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचले. त्यांनी पिशवी जवळ ओढली आणि त्या पुसट चित्राकडे पाहत ते हसले.

“म्हणजे दुसरा हातही होता तर! आपल्याला दिसला नाही, एवढंच.”

क्षणभर थांबून ते म्हणाले, “पण बेटा, हा सरकारांचा व्यवहार झाला. माणसानं माणसाला काही दिलं, असं नाही झालं.”

अब्बांचे म्हणणे खरे होते. ती पुस्तके विकत घेतलेली होती. कोणी कोणाला ओळखत नव्हते. पण पुस्तकाचे एक वैशिष्ट्य असते. ते कोणत्याही वाटेने गेले, तरी कधी ना कधी एखाद्या माणसापर्यंत पोहोचते आणि मग त्या माणसाला आपल्याकडे घेऊन येते.

असेच एक माणूस साधारण वीस वर्षांपूर्वी आमच्या घरी आले. ती एक अमेरिकन विद्यार्थिनी होती. ऊसतोडणी मजुरांच्या जीवनाचा अभ्यास करण्यासाठी ती आमच्या भागात आली होती. माझ्या एका सहकाऱ्याने तिला आमच्या घरी आणले. दारात चपला काढून तिने स्वच्छ मराठीत विचारले, “आत येऊ का, आजोबा?” अब्बा तर पाहतच राहिले. तिने ‘माळेगाव’ म्हटले, तेव्हा तिचा ‘ळ’ अगदी बिनचूक होता!

“बेटी, हे अक्षर तुला कसं जमलं? मला तर दोन वर्षं लागली,” अब्बांनी विचारले.

ती म्हणाली, “मलाही तेवढीच लागली, आजोबा.”

मग गप्पा रंगल्या. तिच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मराठी पुस्तकांची कितीतरी कपाटे होती. तिने मराठी शिकायला सुरुवात केली, ती मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांनी तयार केलेल्या पुस्तकांवरून. त्यांतील मराठी व्याकरणाचे पुस्तक १९७५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले होते.

मॅक्सीन बर्नसन हे नाव ऐकताच मी चमकलो. कारण त्या आमच्या शेजारच्याच. नीरा नदी ओलांडली, की सातारा जिल्हा लागतो आणि पुढे फलटण येते. मॅक्सीनबाई मूळच्या अमेरिकेतल्या. १९६१ साली त्या भारतात आल्या आणि पुढे फलटणला राहून त्यांनी तेथील मराठी बोलीचा अभ्यास केला. त्या इथल्याच झाल्या. त्यांनी भारताचे नागरिकत्व घेतले. फलटणला त्यांनी १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९८६ साली मराठी माध्यमाची ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा सुरू केली. ज्यांचे नाव शाळेला दिले, त्या कमलाबाई निंबकरही जन्माने अमेरिकन होत्या. मुलांना लिहिता-वाचता यावे आणि ती आवडीने वाचावीत, यासाठी मॅक्सीनबाईंनी आयुष्याची कितीतरी वर्षे दिली. सारे त्यांना ‘मॅक्सीनमावशी’ म्हणत. परकी बाई मावशी कशी होते? ती आपली भाषा बोलू लागते, तेव्हा!

जाताना आमच्या पाहुणीने एक गोष्ट सांगितली. विद्यापीठात मराठी पुस्तके असली, तरी तिच्या लहानशा गावातल्या सार्वजनिक वाचनालयात मात्र एकही नव्हते. त्या गावात भारतातून आलेली काही कुटुंबे राहत होती. वाचनालयात इतर देशांच्या भाषांतील पुस्तकांसाठी एक वेगळे कपाट होते. “पुढे कधी तुमच्या शाळेतून मुलांची थोडी पुस्तकं मिळाली, तर आमच्या ग्रंथपाल नक्की घेतील. पण मी त्यांना आधी विचारते,” असे ती म्हणाली.

“आधी विचारते” हे तिचे शब्द मला फार आवडले. मला माझे ते पोते आठवले. मी कोणाला विचारले होते?

महिनाभराने तिकडून पत्र आले. ‘चित्रांची पुस्तके व गोष्टींची पुस्तके हवीत. पुस्तके स्वच्छ असावीत. वीस-पंचवीसपेक्षा जास्त नकोत, कारण जागा थोडी आहे.’ पत्र सरळ आणि स्पष्ट होते.

मी वर्गात मुलांना सारी हकिकत सांगितली. माझ्या पोत्याची गोष्टही लपवली नाही. मुले खूप हसली. मग मी म्हणालो, “पैसे आपण मोठी माणसं जमवू. पुस्तकं मात्र तुम्ही निवडायची. जे पुस्तक स्वतः वाचलं आहे आणि मित्राला सांगावंसं वाटतं, तेच निवडा.” आठ दिवस वर्गात नुसती भांडणे चालली होती. एकाला विज्ञानाचे पुस्तक पाठवायचे होते, दुसरीला लोककथांचे. एक मुलगा म्हणाला, “सर, तिकडच्या मुलांना बैलगाडी माहीत नसेल. चित्र असलेलं पुस्तक घ्या.” शेवटी यादी ठरली. पंधरा मराठी पुस्तके आणि नऊ उर्दू. मराठी पुस्तके पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून आणली, तर उर्दू पुस्तके मुंबईच्या भेंडी बाजारातून. प्रत्येक पुस्तकात मुलांनी एकेक चिठ्ठी ठेवली. ‘हे पुस्तक मला का आवडले’ हे तिच्यात मराठीत आणि उर्दूत दोन-दोन ओळींत लिहिले होते. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी खाली भाषांतर लिहून दिले.

पार्सल बांधण्याच्या आदल्या रात्री अब्बा माझ्या खोलीत आले. त्यांच्या हातात ती सुती पिशवी होती आणि पिशवीत ‘श्यामची आई’.

“हे पंचविसावं,” ते म्हणाले.

मी गडबडलो. “अब्बा, हे कसं देता येईल? ही तुमची आठवण आहे. मी बारामतीहून नवी प्रत आणतो.”

“नवी प्रत कोणीही आणील. तिकडे एखादा मुलगा मराठी शिकत असेल आणि त्याचं अडत असेल. त्याला कळू दे, की इथंही एका माणसाचं अडत होतं.”

“पण अब्बा, मग आपल्याकडे काय राहील?”

अब्बा हसले. “तुझ्या त्या पोत्यातली पुस्तकं देताना तुला काही वाटलं होतं का? नाही. आज वाटतंय. म्हणजे या वेळी आपण खरोखर काहीतरी देतो आहोत.”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे उठून मी त्या पुस्तकाचे प्रत्येक पान उलटून पाहिले. एका पानावर ‘शिदोरी’ या शब्दापुढे अब्बांनी उर्दूत लिहिले होते, ‘सफरची रोटी’. पार्सल बांधताना ते पुस्तक मी त्याच पिशवीत, सर्वांत वर ठेवले.

पार्सलला पांढरे कापड शिवून, लाखेचे ठसे लावून आम्ही ते बारामतीच्या पोस्टात दिले. मुलांनी मला विचारले, “सर, दुसऱ्या देशात पुस्तकांवर जकात बसेल का?” मी त्यांना सांगितले, की पुस्तके आणि शिक्षणाच्या वस्तू एका देशातून दुसऱ्या देशात जकातीशिवाय जाव्यात, म्हणून १९५० साली इटलीतील फ्लॉरेन्स शहरात युनेस्कोच्या पुढाकाराने एक करार झाला. दुसरे महायुद्ध संपून पाचच वर्षे झाली होती. माणसे एकमेकांना समजून घेऊ लागली, तर पुन्हा युद्धे होणार नाहीत, असे अनेकांना वाटत होते. त्याच विचाराने १९५१ साली युनेस्को आणि भारत सरकार यांनी मिळून दिल्लीत सर्वांसाठी खुले असे सार्वजनिक वाचनालय सुरू केले. ते आजही चालू आहे.

पार्सल समुद्रमार्गे जाणार होते. चार महिने काहीच कळले नाही. अब्बा रोज पोस्टमनची वाट पाहत, पण तसे दाखवत नसत.

एके दिवशी एक खोका आला. वर अमेरिकेची तिकिटे होती. मुलांसमोर तो उघडला. आत इंग्रजीतली चित्रमय पुस्तके होती. प्राण्यांची, ग्रहताऱ्यांची, शेतीची. प्रत्येक पुस्तकात तिकडच्या एकेका मुलाची चिठ्ठी होती. आणि सर्वांत खाली ती सुती पिशवी होती. आत अब्बांची ‘श्यामची आई’ होती!

अब्बांचा चेहरा उतरला. “त्यांना आवडलं नाही वाटतं,” ते हळूच म्हणाले.

पण सोबत ग्रंथपालबाईंचे पत्र होते. त्याचा आशय असा : ‘आपली चोवीस पुस्तके आम्ही कपाटात लावली आहेत. पंचविसावे पुस्तक मात्र आम्हाला ठेवून घेता येत नाही. लिहिलेली पुस्तके वाचकांना घरी देऊ नयेत, असा आमचा नियम आहे. तरीही ते आम्ही महिनाभर काचेच्या पेटीत ठेवले होते. एका पानावर दोन लिप्या दोन दिशांनी येतात, हे पाहण्यासाठी पुष्कळ लोक आले. काही पानांची छायाचित्रे आम्ही ठेवून घेतली आहेत. हे पुस्तक तुमच्या गावाचे आहे. ते तुमच्याच वाचनालयात असावे, असे आम्हाला वाटते.’

मी पत्राचा अर्थ सांगितला. अब्बांनी डोळे पुसले आणि म्हणाले, “शहाणी बाई आहे. अमानत परत केली तिनं.”

मुलांनो, ‘अमानत’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. मराठीत तोच ‘अनामत’ झाला. वाचनालयाचे सभासद होताना आपण जी रक्कम ठेव म्हणून भरतो, ती अनामत. म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपवलेली वस्तू. मला वाटते, वाचनालयाला दिलेले प्रत्येक पुस्तक ही अशी अमानतच असते.

असे देणेघेणे आज पुष्कळ ठिकाणी चालते. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. लोकांच्या देणग्यांतून पुस्तके घेतली जातात, ती पेट्यांत भरून वाचकांच्या गटांकडे पाठवली जातात. एका गटाने वाचली, की पेटी दुसऱ्या गटाकडे जाते. अशा पेट्या दुबईसारख्या दूरच्या ठिकाणीही मराठी कुटुंबांपर्यंत पोहोचल्या. परक्या मुलखात आपल्या भाषेचे पुस्तक हाती आले, की माणसाला घरी गेल्यासारखे वाटते. आणि त्याच्या शेजाऱ्याने ते कुतूहलाने उघडून पाहिले, की ओळख वाढते.

अब्बा आज नाहीत. ‘श्यामची आई’ची ती प्रत त्यांनी स्वतःच्या हाताने आमच्या गावच्या वाचनालयाला दिली. ज्या दारातून मी पोते घेऊन परतलो होतो, त्याच दारातून ते पुस्तक आत गेले. ग्रंथपाल बदलले होते. नव्या ग्रंथपालांनी ते उघडून पाहिले, दोन्ही हातांनी घेतले आणि नोंदवहीत लिहिले. पिशवीही शेजारीच ठेवली आहे. तिच्यावरचे दोन हात आता जेमतेम दिसतात.

सुटीच्या दिवशी मी तिकडे जातो, तेव्हा उर्दू शाळेतली मुले कधी कधी ते पुस्तक मागून घेऊन तिथेच वाचत बसलेली दिसतात. अब्बांच्या टिपा त्यांना उपयोगी पडतात. काही शब्द अब्बांनीही सोडलेले आहेत. ते अडले, की मुले मला विचारतात. वाचनालयाच्या पुस्तकावर लिहायचे नाही, हा नियम त्यांना ठाऊक आहे. म्हणून ती वेगळ्या कागदावर अर्थ लिहितात आणि पुढच्या वाचकासाठी तो कागद पुस्तकात ठेवून देतात.

मागच्या खेपेला मी पाहिले, तेव्हा पुस्तक चांगलेच फुगले होते.